शिनाख्त

छंद विचारला की कुणी नाणी सांगतो, कुणी पोस्टाची तिकिटे. आम्ही आमचा छंद सांगितला की समोरचा माणूस आधी दाराकडे बघतो. जुन्या लष्करी बंदुका साफ करण्याची साधने आम्ही जमवतो. बंदुका नव्हे, काडतुसे नव्हे. फक्त नळी पुसायची दोरी, तेलाची बाटली, तारेच्या जाळीचा तुकडा, एखादा कुंचला. हे आम्हाला दोनदा सांगावे लागते. नाव आधी सांगितले असेल तर तीनदा.

नाशिकमध्ये हा छंद लागणे तसे नवल नाही. देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मायदेशी परतणारे गोरे सोजीर तिथे जहाजाची वाट बघत महिनोन् महिने पडून राहत. त्या कंटाळ्याने डोके फिरले की त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातले 'डूलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे काकूलची तोफखान्याची शाळाही देवळालीला आली. जिथे फौज असते तिथे मोडीत निघालेले सामान असते. ते लिलावात जाते, भंगारात उतरते आणि त्यातला एखादा तुकडा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कुणाच्या तरी पथारीवर येऊन बसतो. पण पितळ असेल तर तो तिथवर पोचणे कठीण. नाशिक हे तांबटांचे आणि भांड्यांचे गाव. इथे पितळ वजनावर जाते. बाटलीवर काय कोरले आहे हे बघण्याआधीच ती भट्टीत गेलेली असते.

आमच्या संग्रहातली सर्वांत लाडकी वस्तू अशीच एक बाटली आहे, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एन्फिल्ड रायफलीच्या दस्त्यात मागच्या बाजूने एक पोकळी असते. तिचे झाकण उघडले की आत गुंडाळलेली दोरी आणि ही बाटली बसते. टोपण फिरवून काढले की त्यालाच एक चिमुकला चमचा जोडलेला दिसतो. तेल ओतायचे नसते, चमच्याने थेंबभर घ्यायचे असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा बाटल्या प्लॅस्टिकच्याही निघाल्या. त्या हलक्या असल्याने पथारीवाला त्यांना किंमत देत नाही. आम्ही मात्र देतो.

दोरीला फौजेत पुलथ्रू म्हणतात. तिच्या एका टोकाला पितळी वजन असते आणि दोरीला तीन फासे. वजनाजवळचा पहिला फासा तारेच्या जाळीसाठी, दुसरा कापडासाठी. तिसरा अडचणीसाठी, म्हणजे दोरी नळीत अडकलीच तर तिला मागे ओढून काढण्यासाठी. कापडाला आपल्या फौजेत आणि एनसीसीतही चिंदीच म्हणतात. पुसायची चिंदी 4 इंच लांब, 2 इंच रुंद. तेलाची चिंदी 4 इंच लांब, दीड इंच रुंद. साम्राज्याची बंदूक असो की स्वराज्याची, तिला शेवटी चिंदीच लागते हे आम्हाला फार आवडले.

वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचे आणि दोरी तोंडाकडून ओढायची. ओढताना हात सरळ हवा. दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या काठावर घासते. रोज घासली तर काही वर्षांत पोलाद झिजते आणि नेम बिघडतो. सुताची मऊ दोरी पोलाद खाते हे कुणाला खरे वाटत नाही. शिक्षकाला वाटते. रोज एकाच जागी, एकाच दिशेने बोललेला साधा शब्द पोराच्या मनावर काय करतो, ते आम्ही वर्गात बघतो.

आता तेलाविषयी. जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. ते मिठासारखेच एक क्षार. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि पोलादाला गंज चढवते. तेलात ते विरघळत नाही. वरून कितीही तेल लावा, खाली मीठ असेल तर गंज चढणारच. म्हणून फौजेत नळीत आधी उकळते पाणी ओतत, त्यासाठी खास नरसाळे असे. मग नळी कोरडी करत आणि सर्वांत शेवटी तेल. आधी पाणी, मग बाकीचे सारे. वुजू करणाऱ्या माणसाला हा क्रम वेगळा समजवावा लागत नाही.

उर्दूत जंग दोन आहेत. जीमने लिहिला तर युद्ध, ज़ेने लिहिला तर गंज. आमच्या वर्गातली पोरे श्रुतलेखनात हे दोन्ही नेहमी उलटसुलट लिहितात. आम्ही लाल शाईने दुरुस्त करतो खरे, पण गुण कापताना हात जरा अडखळतो.

या छंदात खरे काम विकत घेण्याचे नसते, शिनाख्त करण्याचे असते. मराठीत त्याला ओळख पटवणे म्हणतात. इंग्रज सरकारच्या मालावर तीन रेघांचा बाण असे. त्या बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. कलकत्त्याजवळच्या इशापूरला 1904 मध्ये रायफलीचा कारखाना निघाला, त्याची अक्षरे आर.एफ.आय. जर्मनांचे तर सगळेच वेगळे. त्यांच्या 1934 च्या नमुन्यात पत्र्याचा चपटा डबा असतो, आत दोरीऐवजी साखळी. आजकाल नकलाही खूप निघाल्या आहेत. नव्या पितळेला आम्ल लावून म्हातारे करतात. पण ठसा खरा असेल तर त्याच्या कडा बाटलीबरोबरच झिजलेल्या असतात. बाटली गुळगुळीत आणि बाण मात्र काल मारल्यासारखा धारदार असेल, तर हात आखडता घ्यावा. आणि वस्तू घरी आणल्यावर चिंच, राख, पितांबरी काही लावू नये. कळकलेल्या थराखालीच तिची ओळख असते. साफसफाईची साधने साफ करायची नाहीत, हा या छंदाचा पहिला नियम.

घरी मात्र या नियमांनी कुणाचे समाधान होत नाही. अम्मी एकदा म्हणाली, "बेटा, बंदूक का सामान अपने घर में क्यों? लोगां क्या बोलेंगे?" अम्मीला आम्ही हसून उत्तर देऊ शकलो नाही. आमच्याच जिल्ह्यात, मालेगावात, 2006 मध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या प्रकरणात पकडलेल्या मुसलमान तरुणांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते 2016 मध्ये. दहा वर्षे. अम्मी कायदा शिकलेली नाही, पण तिला हा हिशेब पाठ आहे. चुकीची शिनाख्त बाटलीची झाली तर शंभर-दोनशे रुपये जातात. माणसाची झाली तर त्याची जवानी जाते.

आम्ही बाटली गोदावरीत सोडली नाही. एक नोंदवही केली. वस्तू, ठसा, कारखाना, कुठे घेतली, कोणत्या तारखेला, किती रुपयांना. काडतुसाचे रिकामे टरफलसुद्धा घ्यायचे नाही, हेही पहिल्याच पानावर लिहून ठेवले. हीच वही नाणी जमवणाऱ्या शेजाऱ्याला ठेवावी लागत नाही, हे आम्हाला कळते. पण वही ठेवण्याची सवय तशी वाईट नाही. तिच्यामुळे आम्ही वस्तूंकडे अधिक नीट बघू लागलो.

त्याच वहीमुळे एक रकाना आमच्या लक्षात आला. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांवर माणसे होती. त्यांत मराठे होते, महार होते, पंजाबी मुसलमान होते, शीख होते, पठाण होते. यांच्याच बोटांनी ही टोपणे फिरवली, संध्याकाळी मांडीवर रायफल घेऊन दोरी ओढली. बाटलीवर सरकारचा बाण आहे, कारखान्याची अक्षरे आहेत, कधी तपासनिसाचा शिक्काही आहे. ती वापरणाऱ्याचे नाव कुठेच नाही. मालकाची शिनाख्त तीन-तीन ठशांनी होते. ज्याने आयुष्यभर नळी पुसली त्याची एकाही नाही.

ती बाटली आम्ही सातवीच्या वर्गात नेली आणि गंजाचा धडा तिच्यावरून शिकवला. तासानंतर एका मुलीने विचारले, "सर, ये किस की थी?" आम्ही फळ्यावर बाण काढला, आय काढला, इशापूर सांगितले. ती म्हणाली, "वो नहीं सर, आदमी कौन था?"

नोंदवहीत आम्ही तो रकाना आखून ठेवला आहे. प्रत्येक वस्तूपुढे तो कोरा आहे. कोरा आहे, पण आखलेला आहे.