आधी गळती थांबवा, मग प्रत्यारोपणाचं बघा

पंचविशीतच माझं कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकू लागलं आणि टाळूवरचे केस विरळ झाले. वडील आणि काका, दोघांनाही तिशीच्या आत टक्कल पडलेलं. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि फोटो काढायचा म्हटलं की मला धडकी भरायची. केसांमुळे जीव जात नाही हे खरं, पण तरुण माणूस त्यापायी लोकांत मिसळणं टाळू लागतो, हे मी भोगलं आहे.

पुण्यातल्या एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या समुपदेशकाने डोक्याचे फोटो काढले, प्रत्यारोपणाला किती ग्राफ्ट, म्हणजे मागून काढून पुढे लावायची केसांची मुळं, लागतील ते सांगितलं आणि आजच पैसे भरले तर सवलत देतो म्हणाला. डॉक्टर मात्र भेटलेच नाहीत. मी पैसे न भरता निघालो आणि एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

त्यांनी आधी भलतंच विचारलं. एवढ्यात डेंग्यू, टायफॉइड झाला होता का? वजन झपाट्याने उतरलं का? थायरॉइड, लोह तपासलंय का? मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात; तिथे शस्त्रक्रियेचं कामच नसतं. माझं दुखणं आनुवंशिक निघालं. डीएचटी या संप्रेरकामुळे कपाळाकडची आणि टाळूवरची केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागची आणि कानांवरची मुळं सहसा त्याला दाद देत नाहीत.

प्रत्यारोपण उभं आहे ते याच गोष्टीवर. मागून काढून पुढे लावलेला केस नव्या जागीही मागच्यासारखाच टिकतो, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी 1959 मध्ये मांडलं. कातडीची पट्टी काढा किंवा एकेक मूळ वेचा, भांडवल मागच्या केसांचंच, आणि ते मोजकं. तरव्यातली रोपं खाचरात लावली म्हणून रोपांची संख्या वाढत नाही, तसंच हे.

मग बाईंनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. शस्त्रक्रिया रिकामी जागा भरते, गळती थांबवत नाही. आज पुढची रेषा भरून घेतली आणि तिच्यामागचे मूळचे केस जात राहिले, तर काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळं रान दिसेल. तोवर मागचं भांडवलही खर्ची पडलेलं असेल.

मी औषधं निवडली. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचं डोक्याला लावायचं द्रावण आलं. अमेरिकेत 1988 मध्ये त्याला मान्यता मिळाली. डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइडच्या 1 मिलिग्रॅम गोळीला 1997 मध्ये. या गोळीने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं. तसं काही जाणवलं तर लगेच कळवा, असं बाईंनी बजावलं होतं. मला तसा त्रास झाला नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत गळती उलट वाढली. मिनॉक्सिडिलने असं होतं हे आधीच माहीत होतं, म्हणून धीर टिकला. सहा-सात महिन्यांनी गळती आटोक्यात आली, वर्षभरात टाळू बरीच झाकली गेली. कपाळाचे कोपरे रिकामेच राहिले. जिथली मुळं गेली तिथे औषध काही करत नाही. आणि औषध सोडलं की कमावलेलं काही महिन्यांत जातं, म्हणून ते चालूच आहे.

माझ्या मामेभावाने चाळिशीत प्रत्यारोपण करून घेतलं. त्याची गळती कित्येक वर्षं स्थिरावलेली होती आणि मागचे केस दाट होते. त्याला ते शोभून दिसतं. औषध मात्र त्यालाही सुटलेलं नाही.

तेव्हा प्रत्यारोपणाचा निर्णय किमतीवर किंवा सवलतीवर घेऊ नका. आधी निदान करून घ्या, औषधाला किमान वर्षभर द्या, गळती थांबल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करा. हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांचंच आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 मध्ये बजावलं आहे. माझ्या डोक्यावर सुरी कोण धरणार आणि पुढच्या दहा वर्षांत उरलेल्या केसांचं काय होणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. डॉक्टर समोर बसून उत्तर देत नसतील, तर तिथून उठा.