चालण्याजोगे अंतर

सरकारी कचेरीत अंतर मोजण्याचे नियम फार काटेकोर असतात. प्रवासभत्त्याची बिले तपासताना कर्मचारी कोणत्या मार्गाने गेला, तोच सर्वांत जवळचा मार्ग होता काय, किलोमीटर किती झाले, हे सारे मला रोज पाहावे लागते. परंतु ज्या घरात मी वाढलो त्या घरातले माप निराळेच होते. माझी आई अंतर स्तोत्रांनी मोजी. पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडापासून ओंकारेश्वर एका अथर्वशीर्षावर होता, मंडई दोन रामरक्षांवर होती, आणि पर्वतीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत विष्णुसहस्रनाम पुरे होई. याच्या पलीकडे जे असेल ते परगाव. तिच्या मापात चूक झाल्याचे मला स्मरत नाही.

वडील गेल्यावर आईने कुठे राहावे हा प्रश्न उभा राहिला. मी दिल्लीत, रामकृष्णपुरममधल्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरात. थोरली बहीण अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला, चार शयनगृहांच्या घरात. ताईने हट्ट धरला. आईने आधी तिच्याकडे सहा महिने राहावे, रुचले तर पुढचे पाहू, असे ठरले. २०२३ च्या मार्चमध्ये आई गेली. मे महिन्यात ताईने मलाही तिकीट पाठविले, आणि परदेशगमनाच्या परवानगीचे सोपस्कार उरकून मीही जाऊन पोचलो.

आई वाळली होती असे नव्हे. उलट अंगाने थोडी भरली होती. पण खिडकीपाशी खुर्ची टाकून ती ज्या तऱ्हेने बसली होती ती बैठक मला ओळखीची वाटली नाही. माझी आई कधी बसलेली मी पाहिलीच नव्हती.

ताईच्या घराला दोष देण्याजोगे काही नव्हते. पुढे हिरवळ, मागे अंगण, मुलांना स्वतंत्र खोल्या, शाळा उत्तम. वसाहतीत आत फूटपाथही होते, आणि तेही आपल्याकडच्यासारखे फुटके नव्हेत, आखीव, स्वच्छ. पण ते कुठेच जात नसत. रस्ते वळत वळत जात आणि टोकाशी वाटोळे होऊन संपत. वसाहतीतून बाहेर पडायला एकच तोंड, आणि त्या तोंडाशी सहा पदरी रस्ता. पलीकडे भाजीचे मोठे दुकान होते. अंतर पाऊण मैल, म्हणजे आईच्या हिशेबाने फार तर अडीच रामरक्षा. पण त्या वाटेवर निम्म्यात फूटपाथ संपे, रस्ता ओलांडायला खूण नव्हती, आणि दुकानाच्या दारापुढे मोटारी उभ्या करण्यासाठी एवढे मोठे डांबरी मैदान होते की टेक्सासच्या उन्हात ते ओलांडणे हीच एक तीर्थयात्रा.

आईने ती एकदा करून पाहिली होती. एका संकष्टीला कोथिंबीर संपली म्हणून ती कापडी पिशवी घेऊन एकटीच निघाली. मोठ्या रस्त्याच्या कडेने शंभर पावले गेली नसेल, तोच एक मोटार थांबली. एक प्रौढ गोरी बाई खाली उतरली, आईचा हात धरून काळजीने काहीतरी विचारू लागली, आणि अखेर तिला गाडीत बसवून, ताईने लिहून दिलेल्या पत्त्याच्या चिठ्ठीवरून घरी आणून सोडून गेली. ती बाई देवमाणूस होती यात मला शंका नाही. नऊवारीतली एक म्हातारी रस्त्याने पायी चालली आहे, त्या अर्थी ती वाट चुकली असली पाहिजे किंवा संकटात असली पाहिजे, एवढेच तिने ओळखले. जेथे सर्वच मोटारीने जातात तेथे पायी चालणाऱ्या माणसाची दया येते. आईला ही दया फार लागली. त्या दिवसापासून ती एकटी बाहेर पडली नाही.

मग हे सारे असे का, याचा मी माझ्या कारकुनी सवयीने शोध घेऊ लागलो. प्रत्येक गोष्टीमागे कुठेतरी एखादे परिपत्रक असते, अशी माझी श्रद्धा आहे. येथेही ती खोटी ठरली नाही. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात वस्ती एकीकडे आणि दुकाने दुसरीकडे ठेवण्याचा नगरांचा अधिकार मान्य केला. १९३४ नंतर सरकारी हमीची गृहकर्जे आली, आणि ती मुख्यतः उपनगरांतल्या सुट्या घरांना, तीही गोऱ्या कुटुंबांनाच, सुलभपणे मिळत गेली. १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने ४१,००० मैल हमरस्त्यांचा कायदा झाला. त्याच्या खर्चाचे शंभरातले नव्वद डॉलर केंद्र सरकारने द्यायचे होते. नव्वद टक्के अनुदान मिळत असता रस्ता नको म्हणणारे गाव कोणते असेल? ह्यूस्टनची गंमत अशी की तेथे झोनिंगचा कायदाच नाही. पण प्रत्येक दुकानाने मोटारींसाठी किती जागा सोडावी याचे नियम आहेत. शहराच्या मध्यभागातले काही भाग तेवढे वगळलेले. शिवाय जमिनीच्या दस्तांत घालून ठेवलेल्या अटी आहेत. कायद्याने जे झाले नाही ते कलमांनी झाले. ताईच्या घराकडे जाणारा हमरस्ता २००८ साली रुंद करून पुरा झाला. बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी त्याचे पदर सव्वीस भरतात. थोड्याच वर्षांत त्यावर पूर्वीसारखी गर्दी झाली. आमच्या कचेरीत कपाटे वाढविली की फायली वाढतात, तसेच हे.

एका संध्याकाळी, त्याच सव्वीस पदरी रस्त्यावर गाडी खोळंबली असता, ताईने मनातले विचारले. "आई, तुला इथे काय कमी आहे गं?"

"काही कमी नाही बाळ," आई म्हणाली. "सगळे आहे. फक्त तुझ्यावाचून मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. तुझे बाबा गेले तेव्हा मी देवाजवळ एकच मागितले होते, की कुणावर भार होऊ देऊ नकोस."

ताई बोलली नाही. पुढची गाडी हलली तरी तिने आपली गाडी लगेच हलविली नाही. मागून कोणी कर्णा वाजविला तेव्हा ती भानावर आली. मला त्या क्षणी आईपेक्षा ताईचीच कीव अधिक आली. ती रोज दोन तास गाडी हाकते: कचेरी, मुलाचे पोहणे, मुलीचे गाणे, दूध, औषध. टेक्सासमध्ये सोळा वर्षांचे होईपर्यंत मुलाला एकट्याने गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाही. तोवर तोही आजीसारखाच खिडकीपाशी बसून असतो. आजी आणि नातू या दोघांच्याही पायांचे काम माझ्या बहिणीच्या एका पायाने करायचे होते.

परतीच्या आधी चार दिवस आम्ही न्यूयॉर्कला मेहुण्यांच्या चुलतभावाकडे राहिलो. क्वीन्स भागातली जॅक्सन हाइट्स ही वस्ती. दोन खोल्या, भाडे ताईच्या घराच्या हप्त्याएवढे, जिना चढून तिसरा मजला, आणि जवळच लोखंडी खांबांवरून रात्रंदिवस धडधडत जाणारी आगगाडी. पहिल्या रात्री आईला झोप आली नाही. सकाळी उठून पाहतो तो आई घरात नाही! आम्ही घाबरून खाली धावलो. ती समोरून येत होती. पिशवीत कोथिंबीर, कढीपत्ता आणि चार केळी. एका बांगलादेशी भाजीवाल्याशी तिने हिंदीतून घासाघीस केली होती, आणि त्याने एक केळे वर घातले होते. "अर्ध्या अथर्वशीर्षावर दुकान आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते माप मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो.

तेथला चौतिसावा मार्ग २०२० च्या साथीपासून दिवसाचे काही तास मोटारींना बंद केलेला असतो, एकूण सव्वीस चौकांपर्यंत. त्या रस्त्याच्या मधोमध मुले सायकली फिरवीत होती. आई दोन्ही संध्याकाळी तेथे टोकापर्यंत जाऊन आली. सव्वीस पदर आणि सव्वीस चौक, हा योगायोग माझ्या हिशेबी डोक्यातून अजून जात नाही. त्याच शहरात जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ साली पुस्तक लिहून सांगितले होते की दुकानदारांचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळे हाच रस्त्याचा खरा पहारा. त्यांच्या वस्तीजवळून जाऊ घातलेला द्रुतगती मार्ग त्यांनी आणि शेजाऱ्यांनी लढून थांबविला. न्यूयॉर्क शहरात आजही निम्म्याहून अधिक घरांत मोटार नाही. २०२५ च्या जानेवारीपासून तर मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात गाडी नेण्यास गर्दीच्या वेळी ९ डॉलर पडतात. मात्र या वस्तीचेही सारेच गोड नाही. शतकापूर्वी ती बांधली गेली तेव्हा ज्यूंना आणि काळ्यांना तेथे घर मिळत नसे. आज ती सर्वांना खुली आहे, पण तिचे भाडे सर्वांना परवडत नाही. चालण्याजोगे गाव अमेरिकेत इतके थोडे उरले आहे की त्याची किंमत चैनीच्या वस्तूसारखी झाली आहे.

आई माझ्याबरोबर दिल्लीला आली. विमानतळावर ताई फार रडली, आणि मी विजयी झाल्यासारखा उभा होतो याची मला आज लाज वाटते.

येथे आल्यावर एक मौज कळली. शाळा, बाजार, बाग ही सारी घरापासून पायी जाण्याच्या टप्प्यात असावीत, आणि मोठ्या रस्त्यांनी वस्ती कापू नये, ही कल्पना १९२९ साली क्लॅरेन्स पेरी या अमेरिकनानेच न्यूयॉर्कमध्ये मांडली. दिल्लीच्या १९६२ च्या बृहत् आराखड्याला फोर्ड प्रतिष्ठानचे जे सल्लागार होते त्यांचे प्रमुख अल्बर्ट मेयर हेही अमेरिकनच; त्या आराखड्यात शेजारवस्तीची ती कल्पना उतरली. आमच्या सेक्टरातला बाजार, दूधकेंद्र, दवाखाना, शाळा ही ज्या हिशेबाने मांडलेली आहेत तो हिशेब असा सातासमुद्रांपलीकडून आलेला. ताईच्या वसाहतीला जे मिळाले नाही ते आमच्या पोपडे गेलेल्या क्वार्टरांना मिळाले!

पण फुशारकी मारण्याचे कारण नाही. आमच्या सेक्टरातले फूटपाथ मोटारींनी अडविलेले आहेत आणि आई रस्त्याच्या मधून चालते. २०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली. दुमजली घरांच्या जागी उंच मनोरे, आणि पोटात मोटारींचे मजले. खुद्द माझ्याच खणात मोटारीच्या कर्जाचा अर्ज भरून पडला आहे. बायकोचे म्हणणे खोटे नाही: आईला रात्रीअपरात्री इस्पितळात न्यायची वेळ आली तर? ताईनेही पहिली गाडी अशाच एखाद्या रास्त कारणासाठी घेतली असेल. सव्वीस पदरांचा रस्ता अशा रास्त कारणांनीच भरतो.

परवा आई बाजारातून परत आली आणि पायरीवरच टेकली. म्हणाली, "बाजार हल्ली लांब गेला रे. पूर्वी एका रामरक्षेत पोचत असे, आता दीड लागते."

बाजार होता तेथेच आहे. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. उद्यापासून मीही बरोबर येतो म्हणालो. तिने मानेनेच नको म्हटले, आणि धाप ओसरल्यावर उरलेली अर्धी रामरक्षा तिथेच बसून पुरी केली.