मीटरवरचा आकडा

लातूरच्या डाळ गिरण्यांच्या दारातील जुना ट्रक सहसा मोडीत निघत नाही. तो हात बदलतो. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून पाण्याच्या रेल्वेगाड्या लातुरात येत होत्या त्या दिवसांत, अण्णांचा 1998 सालचा सहाचाकी ट्रकही असाच विकायला निघाला. तुरीचे पीक गेलेले, गिरणी आठवड्यातून दोन दिवस चालणारी, आणि बँकेचा हप्ता मात्र वेळेवर येणारा.

इंजिन ठणठणीत होते. मेले होते ते डॅशबोर्डावरचे काटे. गेल्या फिटनेसनंतर महिन्याभरातच स्पीडोमीटरची केबल तुटली, आणि किलोमीटरचा आकडा 4,12,306 वर थिजला. पुढे डिझेलचा आणि उष्णतेचा काटाही पडला. ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखी आणि टाकीत काठी बुडवून डिझेल मोजी. पण इतक्या जुन्या मालवाहू गाडीची तपासणी दरवर्षी होते, आणि बंद स्पीडोमीटर घेऊन तेथे जाण्यात अर्थ नव्हता.

नांदेडला एका ओळखीच्या मिस्त्रींकडे अपघातात तुटलेल्या ट्रकचा मीटरचा सबंध बोर्ड असल्याचे कळले. चाकूर, अहमदपूर, लोहा करीत बापलेक ट्रक घेऊनच तेथे पोहोचले. काच शाबूत होती, एवढेच आश्चर्य. “त्या गाडीचा ड्रायव्हर?” अण्णांनी विचारले. मिस्त्रींना ते ठाऊक नव्हते. भंगारातल्या वस्तूबरोबर एवढी माहिती येत नाही.

काम दिसते तेवढे सोपे नसते. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली, हवेच्या टाक्या रिकाम्या केल्या आणि मगच ब्रेकच्या हवेच्या काट्याची नळी सोडवली. अठरा वर्षांत तारांचे रंग धुरकटून एकसारखे झालेले. म्हणून प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधली. नवी केबल ग्रीस लावून गिअरबॉक्सपर्यंत नेली. उष्णतेचा काटा इंजिनावर बसणाऱ्या ज्या सेन्सरशी जुळतो, तो त्याच भंगारातून मिळाला. डिझेलच्या टाकीतला फ्लोट मात्र जुनाच राहिला. काटा एका घरचा आणि फ्लोट दुसऱ्या घरचा असला, की दोघांचे एकमत होत नाही.

नव्या बोर्डावर आकडा होता 1,86,540.

“म्हणाल तो आकडा बसवून देतो, अण्णा. दहा मिनिटांचं काम,” मिस्त्री म्हणाले.

“आहे तो राहू द्या, चाचा,” मुलगा घाईने म्हणाला. “आपण हात लावला नाही. मीटरच तसं आलं.”

युक्तिवाद बिनतोड होता. अण्णा काही बोलले नाहीत. 1,800 रुपये मोजून गाडीत बसले.

परतताना लोह्याच्या पुढे त्यांनी ड्रायव्हरला काटा साठावर स्थिर धरायला सांगितले आणि हातातल्या घड्याळावर किलोमीटरचे दगड मोजू लागले. साठच्या वेगाने दहा दगडांना दहा मिनिटे लागायला हवीत. लागली दहा मिनिटे चाळीस सेकंद, आणि मीटरने तेवढ्यात साडेदहाहून अधिक किलोमीटर मोजले. म्हणजे खरा वेग छप्पन्नच्या आसपास. मूळ गाडीचे टायर किंवा मागचा गिअर वेगळ्या मापाचा असणार. “हे पुढेही जास्तच मोजणार,” अण्णा स्वतःशीच म्हणाले.

रात्री त्यांनी डिझेलची वही काढली. केबल तुटल्यापासून अकरा महिन्यांत 5,200 लिटर. लिटरला साडेचार किलोमीटर धरले, तर 23,400. ते जुन्या आकड्यात मिळवून त्यांनी कोऱ्या पानावर लिहिले : मूळ गाडी अंदाजे 4,35,706, मीटर बदलताना नव्या मीटरवर 1,86,540. खाली तारीख आणि सही.

“अण्णा, कोण विचारणार आहे?”

“उदगीरचा माणूस 1,86,000 धरून इंजिनाच्या कामाचा हिशोब मांडील. आणि ते काम दोन वर्षांतच त्याच्या गळ्यात पडेल.”

“आणि हप्ता?”

त्याचे उत्तर अण्णांजवळ नव्हते. त्यांनी वही मिटली. पान बाहेरच ठेवले.

उदगीरचा गृहस्थ आला, पान दोनदा वाचले आणि ठरल्या रकमेतून 25,000 कमी केले. मुलगा उठून गिरणीत गेला. पैसे मोजून झाल्यावर त्या गृहस्थाने पानाची घडी आरसी बुकात ठेवली, केबिनमध्ये चढून किल्ली फिरवली आणि काट्यांकडे पाहत विचारले, “आणखी काही, अण्णा?”

“डिझेलचा काटा. टाकी काठोकाठ भरली तरी पाऊणवरच थांबतो. रिकामी मात्र बरोबर दाखवतो.”