बंडी गेली, रेंगी आली

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की शहर सरते न सरते तोच कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. १९७४ पासून इथे वीज होते आहे. जवळच तळे आणि जगदंबेचे देऊळ. कोळसा जळून राख उरते, राखेच्या विटा होतात, आणि त्या विटांवर माझ्या थोरल्या बहिणीचा संसार उभा आहे.

भाऊजींची चारशे सात म्हणजे आमच्या घराण्याची अंबारीच! तिच्या उंच केबिनीत बसून आई नवरात्रात देवीला जायची, ती राणीसाहेबांच्या थाटात. पण इतवारीच्या बोळांत गाडी शिरेना. गिऱ्हाइकेही आता माडीवर एखादी खोली चढवणारी. पाचशे विटांसाठी एवढे धूड न्यायचे कशाला? गेल्या वर्षी ती विकली आणि दीड टनाची मध्यम पिकअप आली. 'छोटा हत्ती' घ्या, असेही कुणी सुचवले होते. ते भाऊजींच्या मिशांना मानवले नाही.

"बंडी विकून रेंगी घेतली म्हणा," मी थट्टेने म्हणालो. (आमच्याकडे मालाची ती बंडी, माणसांची हलकी ती रेंगी.)

भाऊजी हसले नाहीत. "रेंगीच परवडून राहिली, प्रोफेसर. पण लोक विचारतात ना, धंदा बसला का म्हणून!"

अंगणात ते अजून जुन्या गाडीएवढी जागा सोडूनच नवी उभी करतात. उरल्या जागेत तुळशीवृंदावन हलवू, असे ताई म्हणते. अजून हलवलेले नाही.