बाराव्या रकान्यात

एळ्ळ अमावस्येच्या आदल्या दिवशी आपल्या घरात सकाळ व्हायचीच नाही, आज्जी. उजाडायच्या आत तुझा निम्मा दिवस सरलेला असायचा. बंबाखाली पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज, मग चरवीत पडणारी धार, मग रवीची घुसळण. वाकळेत पडल्यापडल्या आम्ही त्या आवाजांवरून ओळखायचो, अजून किती वेळ लोळता येईल.

मार्गशीर्षातली ही अमावस्या. लातूर-धाराशिवकडे तिला वेळ अमावस्या म्हणतात. गाड्या जुंपून घरंच्या घरं रानात जातात, आधी उभ्या पिकाला जेवू घालतात, मग आपण जेवतात. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली, सोमवारी. तुझी ती शेवटची. २०२५ची १९ डिसेंबरला आली तेव्हा तू नव्हतीस, आणि सणापेक्षा त्या आदल्या दिवसानंच आम्हाला जास्त रडवलं.

धारवाडच्या पश्चिमेला तांबडी माती, भातखाचरं आणि आंबे. पूर्वेला हेब्बळ्ळीकडे वळलं की आपलं काळं रान लागतं, ते पार नवलगुंदापर्यंत. पाऊस पाठ फिरवून गेला की जोंधळा वाढतो तो जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. आपली मालदांडी मूळची सोलापूरकडची, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली. डिसेंबर सरताना ती निसवते, पुढं दाणा दुधात येतो आणि पाखरांचे थवे उतरायला लागतात. रानाच्या कडेनं करडईच्या ओळी धरायचा हट्ट तुझाच. काट्यांच्या भीतीनं जनावर आत तोंड घालत नाही, म्हणायचीस. आजोबांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटे. तू ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते हरभऱ्याचं वावर. तिन्हीसांजेला धुवट धोतराचं फडकं तू हरभऱ्यावर अंथरून यायचीस. रात्रभर पानांवरची आंबट खार दवात उतरायची आणि फडक्यात मुरायची. पहाटे, दात वाजत असताना, ते ओलंकिच्च फडकं चिनीमातीच्या बरणीत पिळायचं. थंडीनं तुझ्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या आणि आंब त्यातून झोंबायची. तू बोटांवर एक फुंकर मारायचीस आणि पुन्हा पीळ द्यायचीस. इतकं करून हाती काय, तर पळी-दोन पळ्या पिवळसर पाणी. पण गावात कुणाचं पोट दुखलं की रात्री-अपरात्री आपलीच कडी वाजायची, आणि तू मोजून थेंब द्यायचीस. त्या बरणीला आम्हा पोरांना हात लावायची मुभा नव्हती.

मग शेण काढणं, अंगण सारवणं, मिरची तोडणाऱ्या बायकांना वावर दाखवून येणं, हरभऱ्याचे शेंडे खुडून ओट्यात घेऊन येणं. ऊन चढलं की लाल बसनं धारवाड. सुभाष रोडला तीळ, गूळ आणि पांडवांसाठी चुना. बन्नीच्या झाडाखाली मांडायचे ते पाच दगड पांढरेशुभ्र हवेत, यावर तुझा कटाक्ष. विळ्यांना धार लावून घ्यायची, दळण टाकायचं, आजोबांच्या गोळ्या घ्यायच्या, कुणा नव्या सुनेसाठी बांगड्या. हातात चिठ्ठी कधीच नाही. परत येताना एक जिन्नस राहिला असं झालेलं मला आठवत नाही. शेवटी लाइन बझारला पेढ्यांच्या दुकानापुढे उभी राहायचीस. उन्नावहून इथं येऊन स्थिरावलेल्या ठाकूर घराण्यानं हा पेढा नावारूपाला आणला, पण त्याची चव इथल्या म्हशीच्या दुधाची, हे तू दरवेळी अभिमानानं सांगायचीस.

संध्याकाळी चूल पेटायची ती मध्यरात्रीपर्यंत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, जोंधळ्याच्या कडक भाकऱ्यांची चळत, शेंगांच्या पोळ्या, भरली वांगी, अंबाडीची भाजी, कारळ्याची चटणी. दुसऱ्या दिवशी पुरुष रानाच्या चारी कोपऱ्यांना चरग टाकत फिरायचे. एकानं 'हुलिगो' म्हणत घास उधळायचा, मागच्यानं पाणी शिंपडायचं. तू तेव्हा बन्नीखाली पंगतीची पानं मांडत असायचीस आणि जेवायचीस सगळ्यांच्या शेवटी. कधी कधी तुझ्या वाट्याला पोळी उरायची नाही. हे आम्हाला दिसत होतं.

तू गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जावं लागलं नाही, कारण तुझ्या नावावर काही नव्हतंच. मध्यंतरी पीककर्जासाठी जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, काढली. तिच्या नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं, बाराव्यात कसणाऱ्याचं आणि पिकाचं. नवव्यात आधी आजोबा होते, आता बाबा आणि काका. बाराव्यातही तेच. पीक: जोंधळा, हरभरा, करडई. करडईच्या ओळीसुद्धा नोंदल्या गेल्या, आज्जी.

धारवाडच्या पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अर्धचंद्र शिंगांची आपली धारवाडी म्हैस २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत गेली. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण जिच्या हाताखाली ती म्हैस पान्हवायची, ती बाई कुठल्याच वहीत नाही. अडत्यांच्या पट्टीवर नाही, डेअरीच्या पुस्तकात नाही. माल अमरगोळच्या मार्केट यार्डात जायचा आणि पैसे आजोबांच्या बंडीच्या खिशातून घरी यायचे. ते तुझ्या हातावर ठेवायचे, हे खरं. तेवढ्यानं भागलं असं मला म्हणवत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

यंदा तुझा दिवस आम्ही वाटून घेतला. बाबांनी वावर पाहिलं, भावानं मोटरसायकलवरून बाजार केला, काकूनं चूल, मी आंब. तरी चुना राहिला तो राहिलाच, आणि पांडव पिठानं माखावे लागले. आपल्या चंद्री म्हशीनं तर तू गेल्यापासून धार चोरायला सुरुवात केली होती. पेंड घातली, रेडकू सोडलं, काही केल्या पान्हवेना. शेवटी काकूनं तुझं जुनं इरकल लुगडं काढलं, मोरपंखी, विरलेल्या काठाचं, आणि ते नेसून गोठ्यात गेली. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला, खूप वेळ हुंगला. मग चरवीत धार वाजली. काकू कासेला डोकं टेकून रडत होती आणि हात चालूच होते. त्या लुगड्याला आता शेणाचा वास येतो. ती ते धुवायला देत नाही.

अमावस्येच्या रात्री जेवणं झाल्यावर मी पहाणीचा कागद सगळ्यांपुढे ठेवला. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आईचं राहिलं ते राहिलं. वाटणीचा कागद होताना काकूचं नाव घालायचं, असं आता ठरलंय. काकांनी मान डोलावली आहे. कागदपत्रं काय काय लागतात ते मी नाडकचेरीत विचारून आले. काकू म्हणते, आधी हरभरा निघू दे, मग बघू. आत्ता कुणाला वेळ आहे.