मनमाड ते राळेगण: एका देवळाच्या सभामंडपापर्यंत

मनमाडला गाडी बदलणारे पुष्कळ, मुक्कामाला राहणारे थोडे. मुंबई–भुसावळ मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारी लाइन आणि छत्रपती संभाजीनगर–नांदेडची लाइन इथे एकत्र येतात. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले शीख यात्रेकरू गावातल्या गुप्तसर साहिब गुरुद्वारात थांबतात, लंगरात जेवतात आणि पुढची गाडी धरतात. भारतीय अन्न महामंडळाच्या (एफसीआय) गोदामांत धान्याची चढउतार चालू असते. पाण्याची मात्र वर्षानुवर्षं बोंब. उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येण्याचं नवल इथल्या बायकांना उरलं नव्हतं.

याच गावात १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी इथे बजावलं. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती, हा खुलासाही त्याच भाषणातला. रुळांवर राबणारी माणसं दोन दिवस एकत्र बसली आणि देशभर चर्चा होईल असा विषय पटलावर आला.

दौंडची गाडी सुटली की थोड्याच वेळात अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो. त्याला म्हणतात हडबीची शेंडी. मागोमाग अंकाई-टंकाई किल्ल्यांची जोडगोळी. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान, टंकाईच्या पोटात जैन लेणी, आणि पायथ्याला किल्ल्याचंच नाव लावणारं छोटं स्टेशन. शहाजहानच्या फौजेने १६३५ साली हा किल्ला घेतला. इंग्रजांकडे तो १८१८ साली गेला.

हा लोहमार्ग खुला झाला १८७८ साली. त्याआधीची दोन वर्षं दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि मार्गाचं बरंचसं मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांनी केलं. पुढे १९७२च्या दुष्काळातही हाच भाग खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगला. या मुलखाला सरकारी कामावर माती उपसण्याची सवय जुनी आहे. आपल्या गावासाठी, मजुरी न घेता माती उपसणं हे प्रकरण वेगळं, आणि ते पाहायचं तर याच लाइनने नगरला उतरावं लागतं.

वाटेत येवला लागतं. पैठणीचं गाव, आणि आंबेडकरांच्या १३ ऑक्टोबर १९३५च्या धर्मांतराच्या घोषणेचंही. मग कोपरगाव, आणि पुढे गोदाकाठचं पुणतांबा. चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जाणारं हे गाव २०१७ साली वेगळ्याच कारणाने गाजलं. १ जूनपासूनच्या शेतकरी संपाची ठिणगी इथल्या ग्रामसभेत पडली होती. बेलापूर, राहुरी मागे टाकत गाडी नगरला पोचते. पाट्यांवर आता अहिल्यानगर.

तिथून पुणे रस्त्याने सुपे ओलांडलं की वाडेगव्हाणचा फाटा. आत पाचेक किलोमीटरवर पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. पाऊस जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर, जमीन उताराची. किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ साली गावी परतले, तेव्हा शेतं कोरडी होती आणि दारूच्या भट्ट्या मात्र जोरात. यादवबाबांच्या देवळाची लाकडंही लोकांनी त्या भट्ट्यांखाली घातली होती, असं सांगतात.

अण्णांनी सुरुवात त्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून केली. शेततळं, बंधारा, शाळा अशी गरजेची कामं समोर पडलेली असताना देऊळ कशाला, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. पण गावाला एकत्र बसायला दुसरी जागाच नव्हती. निवृत्तीच्या पैशांतले सुमारे २० हजार रुपये त्यांनी घातले. मग लोक पुढे आले: कुणी लाकूड दिलं, कुणी अंगमेहनत, आणि पोरांचं तरुण मंडळ उभं राहिलं. देऊळ उभं राहिलं आणि गावाला सभेची जागा मिळाली. दारूबंदीचा निर्णय तिथल्याच बैठकीत झाला. देवासमोर दिलेला शब्द मोडणं अवघड, हा हिशेब त्यामागे होताच. तीसच्या वर भट्ट्या मालकांनी आपणहून बंद केल्या. १९८० साली याच देवळात धान्य बँक सुरू झाली: पिकलं त्याने धान्य जमा करायचं, अडला त्याने उचलायचं. नाला बंडिंग, गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती आणि चराईबंदी-कुऱ्हाडबंदी हीही देवळानंतरची.

या जागेची दुसरी बाजूही सांगायला हवी. दारू सोडत नाहीत म्हणून माणसांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. दलित कुटुंबांचं कर्ज फिटावं म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्या जमिनीत श्रमदानाने पीक काढलं, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती मोठी आहेच. पण दलितांनी वरच्या जातींच्या रीतीने राहावं अशी अपेक्षाही गावाने ठेवली, हे काही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. मनमाडच्या भाषणातला समतेचा प्रश्न राळेगणच्या मंडपात पुरता सुटलेला नाही. अण्णांचा धाक वजा करून हा मंडप किती चालेल, हीही शंका उरते.

तरी जागा वापरात राहिली, हे खरं. अण्णा याच देवळातल्या छोट्या खोलीत राहत आले. डिसेंबर २०१३मध्ये लोकपालसाठीचं उपोषणही त्यांनी याच आवारात केलं आणि संसदेने विधेयक मंजूर केल्यावर सोडलं. राळेगणच्या नमुन्यावर राज्याने आदर्श गाव योजना आखली.

गाव बघायला जाणाऱ्यांच्या बस बहुतेक बंधारे आणि संग्रहालय दाखवून परत फिरतात. तसं करू नये. महाराष्ट्रात ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. यातला एखादा दिवस साधावा आणि आधी विचारून, मागच्या रांगेत बसून, कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं ते पाहावं.