मणिमेखला सातव्या दिवशी आली

आमच्या कन्नड तालुक्यात विहिरीत कोणी बुडाले की जुनी माणसे आजही म्हणतात, "आसरांनी ओढले." साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. डोहाकाठी, विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड हे त्यांचे ठाणे. आसरांवर खापर फोडले की विहिरीला कठडा का नव्हता, पोराला पोहता का येत नव्हते, हे कोणी विचारतच नाही.

पाण्यातली देवता जातककथेतही आहे. तिचे नाव मणिमेखला, समुद्राची राखणदार. तिचे महाजनक जातक आमच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मध्ये रंगवलेले आहे. ही कथा आम्ही वस्तीतल्या मुलांना सांगायला घेतली, तेव्हा एका मुलीने विचारले, "काका, आपण देव मानत नाही. मग ही देवी कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हटले, आधी कथा पुरी ऐक.

चुलत्याने बळकावलेले मिथिलेचे राज्य परत मिळवायचे म्हणून महाजनक व्यापारासाठी जहाजाने सुवर्णभूमीला निघतो. वाटेत जहाज फुटते. बाकीचे रडतात, देवांचा धावा करतात. महाजनक पोटभर तूप-साखर खातो, तेलात भिजवलेली वस्त्रे घट्ट नेसतो, डोलकाठीवर चढून लांब उडी घेतो. मग सात दिवस पोहतो. इतके दिवस राखणदारणीचे लक्षच नसते! सातव्या दिवशी येऊन ती विचारते, किनारा दिसत नाही, मग हातपाय कशाला मारतोस? तो सांगतो, शेवटपर्यंत झटणारा आपल्या माणसांच्या ऋणात राहत नाही. धीर सोडणारे बुडाले; मी पोहत राहिलो, म्हणून तू भेटलीस. तेव्हा ती त्याला उचलून मिथिलेला नेते.

ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'तही ल्युकोथिया ही सागरदेवता बुडत्या ओडिसियसला आपले वस्त्र देते. पोहावे मात्र त्यालाच लागते.

आम्ही त्या मुलीला म्हटले, "देवी काढून टाक, सात दिवसांचे पोहणे उरते. ते पोहणे काढून टाक, देवीला उचलायला फक्त प्रेत उरते."

आपल्या वस्तीत पोहणारे थोडे, याला कारण आसरा नाहीत. ज्या विहिरीत आजोबांना पोहरा सोडता येत नव्हता, तिच्यात त्यांना पोहू कोण देणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. त्याच पाण्यात तरंगायला शिकणे आपल्याकडे बाकी आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणत्या पोहणाऱ्याला सोबत घेऊन, पाठीला डबा बांधून मुलांना पोहायला शिकवा. मुलींनाही शिकवा. गावच्या विहिरीला कठडा नसेल, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.